सहा दशांश सेकंद

आगरी माणसाला वेगाचे वेड आहे असे कुणी म्हटले, तर मी त्याच्याशी भांडायला जाणार नाही. आमची भातशेती खाऱ्या पाण्याच्या काठची, मिठागरे भरती-ओहोटीच्या तंत्राने चालणारी आणि होडी वाऱ्याच्या मर्जीतली. म्हणजे वर्षातले तीनशे दिवस आमच्या पूर्वजांना दुसऱ्या कुणाच्या तरी चालीने चालावे लागे. उरलेल्या दिवसांत, भात झोडून कणगीत पडले की, त्यांना स्वतःच्या चालीने धावावेसे वाटे. आता मिशा असलेल्या कर्त्या पुरुषाने भर गावात धावत सुटणे काही शोभून दिसत नाही. म्हणून ते बैल धावडवीत आणि त्यांच्यामागच्या छकड्यात स्वतः उभे राहत. वेगही साधे आणि अब्रूही राही.

शर्यत संपते कुठे हे पाहायला सारा गाव पुढे जाई. आमचा आजा मात्र ती सुरू होते तिथे उभा राही. तो म्हणे, "पुढं काय बघायचं? पहिल्या वीस पावलांत जे झालं तेच पुढं वाढत जातं." बैल सुटले, त्यांच्या खुरांनी वाळूचा फवारा उडवला, की लोक टाळ्या पिटीत. आजा मात्र मान हलवी. त्याच्या मते जी जोडी वाळू उडवते तिचा जोर वाळूत गेला. जी जोडी खूर रोवून, माना खाली घालून, जू न हिसकावता उठते, ती जिंकते. पदार्थविज्ञानाचे पुस्तक त्याने कधी उघडले नव्हते. पण घर्षण, गती आणि जोर यांच्याविषयी पुढे आयुष्यभर मी जे शिकलो, त्यातले फारसे काही या वाक्याच्या बाहेरचे नव्हते.

त्या शर्यतींची मी आज तरफदारी करीत नाही. मुक्या जनावराला टोचून पळविणारे लोक त्यात होते, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या तेव्हा त्याला कारण होते. २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून परवानगी मिळाली आणि २०२३ साली घटनापीठाने नवा कायदा मान्य केला. पण तोवर आमच्या करावे गावात बैल बांधायला गोठा तरी कुणाकडे उरला होता? १९७० साली सिडको स्थापन झाली, आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी करायचे ठरले. जमीन गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली योग्य मोबदल्यासाठी आंदोलन झाले, त्यात पाच माणसे गोळीला बळी पडली, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आज जिथून पाम बीच रस्ता जातो, त्याच्या आसपास कुठेतरी आमच्या आजाचे बैल चरत. नेमके कुठे, हे आता मलाही बोटाने दाखविता येणार नाही.

जमीन गेल्यावर आम्हा दोघा भावांनी दोन वाटा धरल्या. थोरला दादूस मुंबईला जाऊन टॅक्सी चालवू लागला. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी, १०८९ सी.सी., जेमतेम चाळीस घोड्यांचे इंजिन, गिअरचा दांडा सुकाणूच्या खाली. त्या गाडीला चढावर 'चल ग बाई' म्हणावे लागे, आणि म्हटले की ती चालेही. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात गिअर कापण्याच्या खात्यात लागलो. चौतीस वर्षे मी लोखंडाला दात आणून दिले. आता माझे स्वतःचे पडू लागले आहेत, तो भाग वेगळा.

दादूस २०१९ साली गेला. त्याच्या मागे वहिनी, साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर उभी राहिलेली एक इमारत, आणि त्या इमारतीचे भाडे गोळा करणे एवढाच उद्योग असलेला आमचा बाळू. बाळू वाईट मुलगा नाही. सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही. पण महिन्याच्या पाच तारखेला भाडे जमा झाले की पुढच्या पाच तारखेपर्यंत या चौतीस वर्षांच्या गड्याने करायचे काय, हा प्रश्न सिडकोच्या कोणत्याही आराखड्यात सोडविलेला नव्हता. वहिनींना तोच घोर. त्या म्हणत, "भाऊजी, याच्या बापाच्या हाताला घट्टे होते. याच्या हाताला फक्त अंगठी आहे."

अशा स्थितीत, गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी, बाळूने गाडी आणली.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी तरुण मुले आहेत त्यांना 'मसल कार' हा शब्द ठाऊक असेल, इतरांसाठी सांगतो. मध्यम बांध्याच्या गाडीत थोराड इंजिन बसवायचे, म्हणजे अंगरखा शाळामास्तरांचा आणि आत तालमीतला पैलवान, अशी ही अमेरिकन कल्पना. १९६४ साली पाँटियाक कंपनीने आपल्या साध्या गाडीत ६.४ लिटरचे इंजिन घालून जी.टी.ओ. नावाने विकली, तेव्हापासून हे खूळ बोकाळले. त्याच वर्षीच्या एप्रिलात फोर्डने 'मस्टँग' आणली. मस्टँग म्हणजे तिकडचा मोकाट रानघोडा. हा घोडा उजव्या हाताच्या सुकाणूसह आपल्याकडे अधिकृतपणे यायला २०१६ साल उजाडले. पाच लिटरचे, आठ सिलिंडरांचे, सुमारे चारशे घोड्यांचे इंजिन, आणि सहा गतींची स्वयंचलित गिअरपेटी. दादूसच्या पद्मिनीचे दहा बछडे एका आवरणात कोंबावेत तसे.

बाळूने आणलेली गाडी मात्र नवी नव्हती. कुणा हौशी माणसाने ती कठड्यावर घातली होती. विमेवाल्यांनी तिला पूर्ण नुकसानीत काढली, नोंदणी रद्द झाली, आणि सरकारदप्तरी मेलेली ही गाडी बाळूने भंगाराच्या वरच्या आणि शहाणपणाच्या खालच्या अशा कुठल्याशा भावाने उचलली. नेमका आकडा वहिनींना अजून कळलेला नाही. आणि हा अंक त्या वाचतात, म्हणून तो मीही येथे देत नाही.

"रस्त्यावर न्यायचीच नाही, काका," तो म्हणाला. "ड्रॅग शर्यतीसाठी आहे. सरळ ४०२ मीटर. उभ्या गाडीनं सुटायचं, बस्स."

४०२ मीटर म्हणजे पाव मैल. लोणावळ्याच्या वरच्या अंगाला आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती भरल्या आहेत, हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. मी त्याच्याकडे पाहिले आणि मला आजा आठवला. हाही पोरगा अखेर शर्यत सुरू होते तिथेच उभा राहायला निघाला होता.

बाळूजवळ एक यादी होती. त्यात मोठ्या स्टॉलचा टॉर्क कन्व्हर्टर, मागचे नवे क्राऊन-पिनियन, एकसंध ॲल्युमिनियमचा प्रोपेलर शाफ्ट, तेल थंड करणारी जाळी आणि टायर इतक्या वस्तू होत्या. त्यांतल्या जड वस्तू समुद्रमार्गे न्हावा-शेव्याच्या बंदरात उतरणार होत्या. जिथे आमच्या सोयऱ्यांची मिठागरे होती तिथे १९८९ पासून बंदर आहे, आणि त्या बंदरातून आता आमच्याच घरी मिशिगनच्या घोड्याचे खोगीर येणार होते! काळाची ही थट्टा मला आवडली. मी म्हटले, "यादी ठेव. उद्या ये. पण येताना अंगठी काढून ये. यंत्रात हात घालायचा तर बोटात काही असता कामा नये."

दुसऱ्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. तुर्भ्याला ओळखीच्या एका मिस्त्रीच्या गाळ्यात गाडी उचलून ठेवली होती.

स्वयंचलित गाडीत क्लच दाबायचा नसतो, हे सर्वांना माहीत असते. मग इंजिन चालू ठेवून गाडी सिग्नलला उभी कशी राहते, हे फारसे कुणी विचारीत नाही. बाळूनेही विचारले नव्हते. मी दोन टेबलपंखे समोरासमोर ठेवले. एकाची वायर जोडली, दुसऱ्याची नाही. पहिला फिरू लागला तसा त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागला. दुसऱ्याचे पाते बोटाने अडविले तरी पहिला आपला फिरतोच आहे! कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असते, एवढाच फरक. इंजिनाकडचा पंखा तेल फेकतो, गिअरपेटीकडचा ते झेलतो. दोघांच्या मध्ये तिसरे एक चक्र असते. ते परतणाऱ्या तेलाला वळवून पुन्हा कामाला लावते आणि गाडी सुटताना जोर जवळजवळ दुप्पट करून देते. हरमान फॉटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअराने १९०५ साली ही युक्ती काढली ती आगबोटींसाठी. मोटारीत ती नांदायला पुढे चाळीस वर्षे लागली.

"मग स्टॉल म्हणजे काय?" बाळूने विचारले.

ब्रेक घट्ट दाबून गाडी जागच्या जागी रोखली आणि इंजिनाला रेस दिली, तर ते जितक्या फेऱ्यांवर जाऊन अडते तो त्या कन्व्हर्टरचा स्टॉल. असे मोठे इंजिन वरच्या फेऱ्यांत खरे जोरात येते. स्टॉल कमी असेल तर गाडी सुटते तेव्हा ते अजून डोळेच चोळीत असते. स्टॉल वाढविला की जागे होऊनच धावते. पण फुकट काहीच मिळत नाही. जितकी घसरण जास्त तितके तेल तापणार, आणि तापलेले तेल गिअरपेटीचा जीव घेणार. म्हणून ती थंड करणारी जाळी. बाळूने ती यादीत 'जमल्यास' या सदरात घातली होती. मी तिला पहिल्या नंबरवर आणली.

मग आलो माझ्या प्रांतात. मागच्या चाकांच्या मध्ये जो लोखंडी गोळा असतो त्यात एक लहान पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतो. समजा क्राऊनला ४१ दाते आहेत आणि पिनियनला १३. म्हणजे चाकाची एक फेरी व्हायला शाफ्टच्या ३.१५ फेऱ्या. आता पिनियन ११ दातांचा घातला, तर ३.७३. या गिअरपेटीचा पहिला गिअर ४.१७ चा. गुणाकार करा: पूर्वी चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या सुमारे तेरा फेऱ्या होत, आता साडेपंधरा. चाकावरची ओढ १८ टक्क्यांनी वाढली. दोन दाते काढून टाकल्याने जोर वाढतो हे ऐकून बाळू थक्क झाला. मी म्हटले, "माझेही दोन दात गेल्यापासून घरात माझे बोलणे जास्त ऐकतात."

पण इथेही हिशेब आलाच. ओढ १८ टक्के वाढली, की त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्याही १८ टक्के वाढल्या. पेट्रोल जास्त, आवाज जास्त, आणि वरचा वेग गाठण्याआधीच दम संपण्याची शक्यता. शिवाय गाडीच्या संगणकाला हा नवा हिशेब कळवावा लागतो, नाही तर गिअर कधी बदलायचा याचा त्या बिचाऱ्याचा गोंधळ उडतो. नोंदणी असलेल्या, रस्त्यावर धावणाऱ्या गाडीशी असले खेळ करायला तर कायद्याचीच मनाई आहे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम त्यासाठीच आहे, आणि कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. आमची गाडी मेलेली होती म्हणूनच तिच्यावर ही शस्त्रक्रिया शक्य होती.

शेवटी टायर. इंजिन चारशे घोड्यांचे असो की चार हजारांचे, तो सगळा जोर जमिनीत जातो तो मागच्या दोन टायरांच्या तळव्याएवढ्या दोन ठिगळांतून. तिथली पकड सुटली की टायर धूर काढतात आणि गाडी जिथल्या तिथे. पाहणारे टाळ्या पिटतात. हा धूर म्हणजे आजाची ती उडालेली वाळूच. बाळूला मी सांगितले, "आधी टायर, मग बाकी सारं. आणि मागची दोन्ही चाकं बरोबरीनं ओढताहेत की नाही ते पाहा. एक बैल जोरात आणि एक अंग चोरणारा, अशा जोडीनं छकडा सरळ जात नाही."

एवढे सगळे ठरले, आणि वहिनी आडव्या आल्या.

त्यांनी गाळ्यावर येऊन उचललेल्या गाडीला एक प्रदक्षिणा घातली. चेपलेल्या पुढच्या अंगावरून हात फिरविला. मग विचारले, "या सगळ्यानं होणार काय?"

बाळू म्हणाला, "वेळ कमी लागेल, आई. अर्धा सेकंद तरी."

"अर्ध्या सेकंदात माझी जांभई पुरी होत नाही," वहिनी म्हणाल्या. "तेवढ्या वेळात तू काय करणार आहेस?"

याला बाळूकडे उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर, जगातल्या कोणत्याही शर्यतवाल्याकडे नसावे. वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुमच्या दादूसनं तीस वर्षं टॅक्सी चालवली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. ही गाडी एकाला आपटून आली आहे. रात्री दोन वाजता पाम बीचचा रस्ता मोकळा असतो, आणि हिच्या आवाजानं याचं रक्त उसळतं. नोंदणी नाही म्हणून हा थांबेल, असं तुम्ही मला छातीवर हात ठेवून सांगा."

छातीवर हात ठेवणे मला शक्य नव्हते. पाम बीच रस्त्यावर रात्री काय चालते ते आमच्या गावाला खिडकीतून ऐकू येते. त्या आवाजापाठोपाठ कधी कधी दुसरा एक आवाज येतो, आणि मग रुग्णवाहिकेचा. पोलीस आहेत, कॅमेरे आहेत, तरी येतो. बाळू शपथा घेऊ लागला. शपथेवर माझा विश्वास कमी. चौतीस वर्षे मी मापावर विश्वास ठेवला आहे. जे बोल्टने आवळले आहे तेच खरे.

आणि तेव्हा मला आजाच्या घरातले माजघर आठवले. शर्यतीचे हलके जू आजा गोठ्यात ठेवीत नसे. ते माजघरात, आजीच्या उतरंडीमागे असे. बैल गोठ्यात, छकडा अंगणात. पण जू मिळाल्याशिवाय कुणा पोराला रात्री बैल जुंपता येत नसत. आणि जू मागायचे तर आजीला उठवावे लागे.

मी म्हटले, "वहिनी, इंजिन आणि चाकं यांच्या मधे एक लांब नळीसारखा दांडा असतो. तो काढला तर इंजिन कितीही बोंबललं तरी चाक फिरत नाही. दोन्ही टोकांना बोल्ट आहेत. शर्यतीच्या दिवशी बसवायचा, संध्याकाळी काढायचा. तो तुमच्या घरात राहील."

वहिनींनी विचारले, "जड आहे?"

"नवा ॲल्युमिनियमचा आहे. तुमच्या गव्हाच्या डब्यापेक्षा हलका."

"मग चालेल," त्या म्हणाल्या. आणि जाता जाता बाळूला, "जेवायला वेळेवर ये," एवढेच सांगून गेल्या. परवानगीचे आमच्या घरातले सरकारी शब्द हेच आहेत.

पुढले एकोणीस दिवस आम्ही तो गोळा लावीत होतो. क्राऊन आणि पिनियन ही एकमेकांवर घासून तयार केलेली जोडी असते. त्यांची ताटातूट करीत नाहीत. एक बिघडला तर दोन्ही बदलायचे. ही जोडी घरात नीट बसविणे हे खरे काम. पिनियन किती खोल बसावा, हे कागदासारख्या पातळ चकत्या घालून-काढून ठरवायचे. दोघांच्या दातांमध्ये ठेवायची मोकळीक साधारण पाव मिलिमीटर. ती डायल-गेजने मोजायची. मग दातांना रंग फासून फिरवून पाहायचे. ठसा दाताच्या मधोमध उमटला तर ठीक. कडेला सरकला, की पुन्हा सगळे उघडा. मोकळीक अजिबात ठेवली नाही तर दाते तापून एकमेकांना खातात. फार ठेवली तर आदळतात.

पहिले तीन दिवस बाळूला ठसा दिसतच नव्हता. चौथ्या दिवशी तो मला म्हणाला, "काका, टोकाकडे सरकलाय." मी चष्मा पुसून पाहिले. खरेच सरकला होता. आणि माझ्या आधी त्याने पाहिला होता. कारखान्यात उमेदवारी करणाऱ्या पोरांना ही नजर यायला सहा-सहा महिने लागत. त्या संध्याकाळी मी त्याला चहा पाजला आणि कशाबद्दल ते सांगितले नाही. दहाव्या दिवशी तो चकत्या स्वतः निवडू लागला. पंधराव्या दिवशी त्याच्या उजव्या तळहातावर, करंगळीखाली, एक टणक पिवळा ठिपका दिसला. त्याने तो मोठ्या कौतुकाने घरी जाऊन आईला दाखविला. वहिनींनी त्याला खोबरेल तेल लावले. आणि माझ्या बायकोकडून मला कळले की, त्या स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ तशाच उभ्या होत्या.

नव्या गिअरांना एकदम जुंपून चालत नाही. रोलरवर गाडी चढवून, हलक्या हाताने फिरवून, थांबून, निववून, पुन्हा फिरवून आम्ही त्यांची अंगे एकमेकांना ओळखीची करून दिली. मागून येणाऱ्या आवाजावर मी कान ठेवून होतो. गुरगुर नाही, शीळ नाही. मग तेल बदलले, आणि गाडी ट्रकवर लादून शर्यतीला नेली. शाफ्ट स्वतंत्र, वहिनींच्या मांडीवर, पुढच्या गाडीत.

जुन्या सामानावर बाळूची वेळ एका सरावात घेऊन ठेवली होती: १३.५ सेकंद. नव्या सामानावर ती आली १२.९. सहा दशांश सेकंद! ज्या पहिल्या धावेत टायरांनी धूर काढला आणि लोकांनी टाळ्या पिटल्या, ती धाव सर्वांत वाईट ठरली. जिच्यात काहीच दिसले नाही, नुसती गाडी बसकण मारून उठल्यासारखी निघून गेली, ती सर्वांत चांगली. मी सुरुवातीच्या रेघेपाशीच उभा होतो. पुढे पाहायची मला गरज वाटली नाही.

त्याच दुपारी एक विजेवर चालणारी मोटार आली. तिला ना कन्व्हर्टर, ना सहा गतींची पेटी. मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोराने ओढते, म्हणून एकाच कायम गिअरजोडीवर सारा संसार. ती आवाज न करता सुटली आणि आमच्यापेक्षा जवळजवळ एक सेकंद आधी पोचली. चालवणारे गृहस्थ गार हवेत बसून गाणे ऐकत होते. बाळूचा चेहरा उतरला. मला वाटले, आपण चौतीस वर्षे ज्या विद्येवर जगलो तिचा निरोपसमारंभ हा असा, बिनवाद्यांचाच होणार.

पण येताना गाडीत बाळू म्हणाला, "काका, तिच्यात एक जोडी तरी आहेच ना? तीसुद्धा कुणीतरी कापलीच असेल."

हे खरे आहे. वेग कशानेही निर्माण होवो; तो जमिनीपर्यंत पोचवायला मध्ये कुणीतरी दाताला दात लावून उभे राहावेच लागते. बाळूने आता तुर्भ्याचा तो गाळा भागीत घेतला आहे. ट्रकवाले मागच्या गोळ्यातून आवाज येतो म्हणून त्याच्याकडे येतात. पाच तारखेला भाडे घ्यायला जायचे तो परवा विसरला. वहिनींनी मला ही बातमी तक्रारीच्या सुरात सांगितली, आणि सांगताना त्या हसत होत्या.

शाफ्ट अर्थात वहिनींकडेच आहे. सुरुवातीला दोन-तीनदा रात्री बाळूने काही निमित्ताने तो मागून पाहिला. वहिनींनी 'कशाला?' एवढेच विचारले, आणि निमित्त तेवढ्यावरच थांबले. आजाचे ते जुने जूही त्यांनी माळ्यावरून काढून पुसून ठेवले आहे. दोन्ही वस्तू देवघराच्या खोलीत कोपऱ्याला टेकून उभ्या असतात. एक वाळवी लागलेली, एक चकाकणारी. परवाच्या दसऱ्याला हत्यारांच्या पूजेत दोघांवर झेंडू वाहिला. जुवाला त्यांनी तेलाचे बोट लावले, मग शाफ्टपाशी थबकून, त्याच्या टोकाचा सांधा हातात फिरवून पाहत, अगदी गंभीरपणे मला विचारले, "भाऊजी, याला तेल कुठं लावायचं असतं?"